न्यूट्रल तुटला ती दुपार

आमच्या घरी टीव्ही बघायचा म्हणजे आधी भिंतीवरचं बटण, मग स्टॅबिलायझरचं, आणि मग त्याचा काटा बघून हे "हं" म्हणेपर्यंत रिमोट हातात धरून उभं राहायचं. फ्रिजला वेगळा स्टॅबिलायझर, कॉम्प्युटरला बॅटरीचा डबा, इंटरनेटच्या डबीलासुद्धा विजेचा झटका अडवणारी स्वतःची पट्टी. आभाळ गडगडलं की हे घरभर फिरून सगळ्या पिना उपटून ठेवत. नोकरीची सगळी वर्षं रेल्वेच्या कारखान्यात विजेच्या विभागात काढलेली. निवृत्त झाल्यावर तिथली यंत्रं सुटली, मग घरातली सांभाळायला घेतली. मी शाळेत शिकवत होते तोवर मला त्याचं काही वाटलं नाही. दोघंही घरी बसायला लागल्यावर कधी कधी डोकं उठायचं.

आम्ही गुजरातेत, समा नावाच्या भागात एका जुन्या सोसायटीत राहतो. टेनामेंटच्या, म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या दोन रांगा, मधे गल्ली, गल्लीच्या तोंडाशी विजेचा खांब. समोर मोटाभाई, मांडवीच्या बाजारात त्यांचं कटलरीचं दुकान आहे. आमच्या भिंतीला भिंत लागून असलेलं घर बंद असतं, मालक मुलीकडे परदेशी असतात. किल्ली मोटाभाईंकडे.

ज्या वर्षी नदीचं पाणी आमच्या गल्लीत आलं, त्या वर्षीची ही गोष्ट. पाणी ओट्याच्या वरच्या पायरीला लागून थांबलं. घरात शिरलं नाही, पण वीज बंद केली ती बंदच राहिली. पाणी उतरल्यावर गुडघाभर चिखल, मेलेली जनावरं, डास आणि उकाडा. लोकांची डोकी आधीच फिरलेली. मग मोटाभाईंनी कुठूनतरी भाड्याचा जनरेटर आणला, ट्रॉलीवर चढवलेला, काळा धूर ओकणारा. खांबाला तारांची भेंडोळी बांधून त्यांनी प्रत्येक घरात एकेक तार सोडली.

ह्यांनी आमच्या दारातली तार गुंडाळून परत दिली.

"ही वीज नाही, गढूळ पाणी आहे," हे म्हणाले. "दिवे बघा समोरचे. श्वास घेतायत."

खरंच समोरच्या घरातले दिवे फुगत आणि मंदावत होते. पंखे मधेच घुरघुरत. पण वीज होती. आमच्याकडे मेणबत्ती होती आणि वर्तमानपत्राचा वारा.

"नुसता पंखा लावू या," मी म्हणाले. "पंख्याला काय होणार आहे?"

"पंख्याची मोटर जळते."

"मग जळू दे. माझा जीव जातोय उकाड्याने. तुम्हाला माणसापेक्षा पंखा प्यारा आहे."

हे ओट्यावर जाऊन बसले. मी आतून दार आपटलं. त्या आठवड्यात आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही.

त्या जनरेटरने मारामाऱ्याही आणल्या. कोणीतरी त्यावर पाण्याची मोटर लावली की सगळ्यांचे दिवे बसत. एका सकाळी समोरच्या रांगेतल्या दोघांची त्यावरून जुंपली. एकाने पक्कड आणून दुसऱ्याची तार कापली, दुसऱ्याने त्याला चिखलात लोळवलं. मोटाभाईंनी दोघांनाही कानाखाली दिली. सगळ्यांच्या देखत पन्नाशीच्या माणसांना कानाखाली, आणि त्यांनी खाऊन घेतली. मी खिडकीतून बघत होते. वर्षानुवर्षं नवरात्रात एकत्र आरती करणारी माणसं ही.

मग यंत्रं जायला लागली. मोटाभाईंचा टीव्ही गेला, कोणाचं वॉशिंग मशीन, कोणाच्या फोनचे चार्जर. जनरेटर चालवणाऱ्याला लोकांनी शिव्या घातल्या, त्याची कॉलर धरली. ह्यांनी मात्र घरोघर जाऊन सांगितलं, टीव्ही-फ्रिज लावू नका, पिना काढा. आता लोक ऐकून घेत होते. एक-दोघांनी ह्यांना घरी नेऊन काय लावावं आणि काय नाही ते विचारलं. परत आले तेव्हा ह्यांची मान जरा ताठ होती. मला चिडवायला म्हणून नव्हे, पण म्हणालेच, "आपलं काहीही गेलं नाही."

खरी वीज आली ती दुपारी. वीज कंपनीची माणसं सकाळपासून आमच्या भागात खांबाखांबाने काम करत होती. दिवे लागले तशी गल्लीत टाळ्या वाजल्या. हे लगेच काही लावायला तयार नव्हते. मीटर घेऊन बसले, थोड्या थोड्या वेळाने दाब मोजत राहिले. शेवटी म्हणाले, "हं. ठीक आहे आता." आणि एकेक पीन स्वतःच्या हाताने लावली. फ्रिज सुरू झाला. मी पंख्याखाली बसले आणि डोळे मिटले.

बाहेर मोटाभाई जनरेटर परत पाठवत होते. ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला, कोणीतरी "जवा दो, जवा दो" म्हणजे जाऊ द्या, असं ओरडलं, काहीतरी ताणून तुटल्यासारखा आवाज झाला, आणि माझ्या मिटल्या डोळ्यांवर लख्ख उजेड पडला.

डोळे उघडले तर ट्यूबलाइट पांढरी फटक झाली होती. पंखा असा ओरडत होता की आता छतातून सुटून अंगावर येईल. पहिल्यांदा टीव्हीचा स्टॅबिलायझर फुटला, फटाका फुटावा तसा, आणि त्याच्या झाकणाचा तुकडा भिंतीवर आपटला. मग कॉम्प्युटरखालचा डबा. स्वयंपाकघरातून जळक्या प्लॅस्टिकचा वास आला आणि फ्रिजच्या मागून धूर. हे "मेन! मेन!" म्हणत धावले आणि मेन स्विच खाली ओढला. तो त्यांनी ओढला तेव्हा त्यातून ठिणगी उडाली आणि तळहात भाजला. फ्रिजच्या मागचा पडदा पेटला होता. मी तो ओढून काढला आणि पायाने तुडवला. तेवढ्यात सगळं संपलं होतं. घरातली विजेवर चालणारी एकही वस्तू उरली नव्हती.

काय झालं ते ह्यांना उभ्या उभ्या कळलं. मला नंतर त्यांनीच समजावून सांगितलं. खांबावरून आपल्या गल्लीत तीन तारा विजेच्या येतात आणि चौथी न्यूट्रलची, जिच्यातून वीज परत जाते. ही चौथी तुटली की प्रत्येक घराला मिळणारा दाब सांभाळणारं कोणी राहत नाही. ज्या तारेवर जास्त यंत्रं चालू, तिथले दिवे मंद होतात. जिच्यावर कमी, तिथे दुप्पट जोराने वीज घुसते. आमच्या तारेवर आम्ही, ते बंद घर आणि आणखी एक घर. समोरच्या लोकांनी आल्या आल्या सगळं लावलं होतं, त्यांचे दिवे नुसते मिणमिणले. आम्ही जपून वागलो होतो. स्टॅबिलायझर आणि पट्ट्या थोड्याफार चढउतारासाठी असतात, असल्या माऱ्यासाठी नसतात. त्यासाठी आपोआप वीज तोडणारा वेगळा कटआउट लागतो आणि तो ह्यांनी पुढच्या महिन्यात बसवायचा ठरवला होता.

त्या वेळी मात्र ह्यांनी फ्रिजकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं आणि दार उघडून बाहेर गेले. चपलासुद्धा घातल्या नाहीत. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मी मागोमाग गेले.

गल्लीत माणसं जमली होती. कंपनीचा एक माणूस पलीकडच्या गल्लीतून खांद्यावर शिडी घेऊन धावत आला होता. चाळिशीचा असेल, बारीक, कमरेला पट्टा, पट्ट्यात पक्कड आणि रबराचे हातमोजे. ठेकेदाराकडचा माणूस. त्याने शिडी खांबाला लावली आणि तो चढायला लागला. दोन-तीन पायऱ्या चढलाही.

"खाली उतर," हे म्हणाले.

"काका, न्यूट्रल गयो छे," तो वर बघतच म्हणाला. "पहेला बंद करवा दो."

आधी बंद करू द्या, एवढंच तो म्हणत होता. आणि ते बरोबर होतं. त्या गल्लीत ते बरोबर आहे हे कळणारा दुसरा एकच माणूस होता, आणि त्याने त्याचा घोटा धरून त्याला खाली ओढलं.

तो पाठीवर पडला. शिडी बाजूला कलली. हे त्याच्यावर वाकले आणि भाजलेल्या हातानेच त्याच्या तोंडावर मारलं. मग परत. "सगळं जाळलंत. सगळं," एवढंच म्हणत होते, ओरडून नव्हे, दात आवळून. त्याने हात आडवे धरले तर हात बाजूला करून मारलं.

एक क्षण बाकीचे नुसते बघत राहिले. ह्यांना सगळे मान देत. गल्लीत कोणाला काही विचारायचं असलं तर ह्यांना विचारत. त्यांनी मारलं म्हणजे त्या माणसाने केलं असणारच, असं सगळ्यांना वाटलं असावं. मग सगळेच तुटून पडले. ज्यांची यंत्रं जनरेटरने जाळली होती तेही, ज्यांचं काहीच गेलं नव्हतं तेही. समोरच्या रांगेतले ते दोघं भांडकुदळ आता खांद्याला खांदा लावून लाथा घालत होते. कोणी त्याच्या हातावर पाय दिला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, तो मला अजून ऐकू येतो. मोटाभाई कुठूनतरी लोखंडी पाइप घेऊन आले.

"अहो!" मी ओरडले. "अहो, सोडा त्याला!"

गर्दीत शंभर आवाज होते. ह्यांचा हात परत वर गेला.

"अरे!" मी ओरडले, आणि आयुष्यात कधी घेतलं नव्हतं ते त्यांचं नाव घेतलं, एकेरीत. "अरे, थांब!"

त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. हात तसाच वर राहिला. मग तो खाली आला आणि ते मागे सरकले, झोपेतून उठवल्यासारखे. पण बाकीचे थांबले नाहीत. मी माणसांच्या कमरांमधून वाट काढत आत शिरले. त्या माणसाचं तोंड रक्ताने आणि चिखलाने माखलं होतं. त्याने डोकं गुडघ्यांत घातलं होतं. मी त्याच्यावर वाकले, त्याला झाकावं एवढंच डोक्यात होतं, आणि मोटाभाईंचा पाइप माझ्या खांद्यावर बसला.

दुखलं नाही लगेच. डाव्या हातातली ताकद गेली आणि मी खाली बसले. कोणीतरी "बेनने वाग्युं" म्हणालं, बाईंना लागलं. मोटाभाईंच्या हातातून पाइप पडला. पुढे लोक माझ्यामुळे थांबले असते की नाही, मला सांगता येत नाही, कारण त्याच वेळी मागून एक बाई किंचाळली, "आग!"

आमच्या शेजारच्या बंद घराच्या खिडकीतून धूर येत होता. मालकांनी फ्रिज चालू ठेवला होता. गल्लीतली तार अजून तशीच जिवंत होती, कारण ती बंद करायला चढलेल्या माणसाला आम्ही खाली ओढलं होतं. सगळे तिकडे धावले. कोणी बादल्या आणल्या, मोटाभाई किल्ली शोधत पळाले.

"पाणी नको!" हे ओरडले. "लाइन चालू आहे!"

मग हे त्या पडलेल्या माणसाजवळ आले. मला वाटलं त्याला उचलतील. त्यांनी त्याच्या पट्ट्यातून हातमोजे आणि पक्कड ओढून काढली. तो माणूस दोन्ही हातांनी डोकं झाकून कळवळला, त्याला वाटलं परत मारतायत. हे शिडी सरळ करून चढले. साठी उलटलेला माणूस, अनवाणी, तळहाताची कातडी सोललेली. वर जाऊन त्यांनी लाइन तोडली. मग बादल्या ओतल्या गेल्या. त्या घराचं स्वयंपाकघर जळालं, बाकी वाचलं.

दवाखान्यात आम्हाला एकाच रिक्षाने नेलं, मला आणि त्या माणसाला. बरोबर यायला कोणी तयार नव्हतं. मोटाभाईंच्या बायकोने तेवढं रिक्षावाल्याला थांबवलं. मी माझ्या पदराने त्याच्या कपाळाचं रक्त पुसायला गेले तर त्याने माझा हात झटकला.

"हूं बंद करवाज चढतो हतो," तो म्हणाला. मी बंद करायलाच चढत होतो. मग रडायला लागला. मोडलेला हात छातीशी धरून रडत रडत त्याने आम्हाला शिव्या दिल्या, मला, ह्यांना, अख्ख्या गल्लीला. रिक्षावाला आरशातून बघत होता. मी ऐकत राहिले. माझा खांदा तोवर ठणकायला लागला होता.

माझं खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं, दोन बरगड्या आणि जबड्याचं हाड.

संध्याकाळी पोलीस आले तेव्हा गल्लीतल्या प्रत्येकाने एकच नाव सांगितलं, ह्यांचं. मोटाभाईंनी सांगितलं, समोरच्या रांगेतल्या त्या दोघांनीही सांगितलं. आपण कोणी तिथे नव्हतोच, म्हणाले. मला दवाखान्यातून आणून सोडलं तेव्हा हे जीपमध्ये बसत होते. "पहिला मी मारला," त्यांनी हवालदाराला सांगितलं होतं. बाकी कोणाचं नाव घेतलं नाही. जामिनावर सुटून घरी आले तेव्हा मी विचारलं, "मोटाभाईंचं का नाही सांगितलं? माझा खांदा बघा."

"तुला सांगायचं असेल तर सांग," हे म्हणाले. "मी नाही सांगणार. मी नसतो तर त्यांनी पाइप उचलला नसता."

मी सांगितलं. पोलिसांनी लिहून घेतलं. मोटाभाई त्यानंतर आमच्याशी बोलत नाहीत.

तार कशाने तुटली तेही चौकशीत निघालं. जनरेटरच्या तारांचं भेंडोळं सोडवायच्या आधीच ट्रॅक्टर निघाला, आणि खांबाला गुंडाळलेल्या तारेने न्यूट्रलची क्लिप ओढून काढली. आमच्याच सोसायटीचं काम. त्या माणसाचा त्यात काही संबंध नव्हता. कंपनीची माणसं मात्र त्यानंतर आमच्या गल्लीत यायला तयार होईनात. आजूबाजूला दिवे होते आणि आमच्याकडे अंधार. आता त्याबद्दलही लोक ह्यांनाच बोलले. एका दुपारी आमच्या खिडकीची काच कोणीतरी दगड मारून फोडली.

मग त्या लाइनमनचा भाऊ आला. फाटकाशी उभा राहून त्याने ह्यांना बाहेर बोलावलं. मी म्हणाले जाऊ नका. हे गेले. त्याने काही न विचारता ह्यांच्या कानशिलात मारली. चष्मा उडाला. परत मारली. हे तसेच उभे राहिले, हातसुद्धा आडवा धरला नाही. त्याने तिसऱ्यांदा हात उगारला आणि मग तोच थांबला. "ए वापस थांभले पर नहीं चढ सकेगा," तो म्हणाला. तो परत खांबावर चढू शकणार नाही. आणि स्कूटरवर बसून निघून गेला. हे चष्मा शोधत चिखलात वाकले. मी खिडकीतून बघत होते. मला ह्यांची दया आली असं म्हणायला हवं, पण त्या वेळी आली नाही.

माझा हात गळ्यात अडकवलेला होता. मला केस विंचरता येत नव्हते, वेणी घालता येत नव्हती. एका सकाळी हे फणी घेऊन माझ्या मागे उभे राहिले. त्यांनी फणी धरलेला हात वर केला तो मला समोरच्या आरशात दिसला, आणि माझं अंग आपोआप आक्रसलं, डोकं खाली गेलं. माझ्या मनात काही नव्हतं. अंगानेच केलं ते. ह्यांनी आरशात ते बघितलं. फणी टेबलावर ठेवली आणि बाहेर गेले. मग मी भाजीवालीला सांगून तिच्याकडून वेणी घालून घ्यायला लागले. बऱ्याच दिवसांनी मीच फणी ह्यांच्या हातात दिली. त्यांनी फार हळू, केस ओढले जाणार नाहीत असे, विंचरले. माझे खांदे ताठच होते. ते कळत होतं त्यांना.

खटला बराच लांबला. मोटाभाई आणि इतर पुराव्याअभावी सुटले, माझ्या एकटीच्या सांगण्याचा उपयोग झाला नाही. ह्यांनी गुन्हा कबूल केला होता. त्यांचं वय आणि आधीची कोरी पाटी बघून न्यायाधीशांनी त्यांना चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडलं, त्या माणसाला भरपाई द्यायला लावली. ती आम्ही दिली. आता तो कंपनीच्या ऑफिसात तक्रारींचे फोन घेतो असं कळलं. त्याच्या उजव्या हाताची बोटं वळत नाहीत.

शेवटच्या तारखेला कोर्टाबाहेर तो आम्हाला भेटला. हे त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. हात जोडले.

त्याने हात जोडले नाहीत. "काका, ते बाकीचे मूर्ख होते," तो गुजरातीत म्हणाला. "त्यांना काही कळत नव्हतं. तुम्हाला कळत होतं. तुम्ही नसतं मारलं तर मला कोणीच मारलं नसतं." एवढं सांगून तो बसस्टॉपकडे चालत गेला.

घरी आल्यावर मी कुकर लावला. हे टेबलाशी बसून राहिले.

"तो म्हणाला ते बरोबर आहे," हे म्हणाले.

काहीतरी समजुतीचं बोलावं असं क्षणभर वाटलं.

"हो," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मग मी ताटं घेतली आणि आम्ही जेवायला बसलो.